पाचगणी की पोखरापूर, पोराला कुठं ठेवू?

या आठवड्यात एका आईचं पत्र आलंय. लांब होतं, थोडं कापून इथं देते.

"ताई नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, घरचेच टॉवेलचे माग आहेत. मोठा मुलगा पाचवीत, मराठी शाळेत, घरात आम्ही तेलुगू बोलतो. यंदा नवोदयच्या लिस्टमध्ये त्याचं नाव आलं, मोहोळ तालुक्यातल्या पोखरापूरला. आणि तेवढ्यात पाचगणीच्या एका नामांकित शाळेतपण सीट मिळाली, तिथं माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा शिकतो, लग्नाकार्यात तो इंग्लिश बोलायला लागला की सगळे त्याच्याकडे बघत बसतात. पाचगणीची फी वर्षाला साडेपाच लाख, वरचा खर्च वेगळा. मिस्टर म्हणतात दोन माग विकू, तुझं सोनं ठेवू, पण पोरगं तिथंच जाईल, नवोदय काय, सरकारी शाळाच की. माझा भाऊ म्हणतो कुठंही टाका, नववीला सातारच्या सैनिक स्कूलला बघू. मुलगा शांत आहे. घाबरला की अडखळतो. पावसाळ्यात छाती भरते, पंप घ्यावा लागतो. पाचगणीच्या इंटरव्ह्यूत खाली मान घालून बसला, एक शब्द बोलला नाही, तरी सीट दिली. मागावर मात्र सगळे माग चालू असताना नुसत्या आवाजावरून सांगतो की त्या तिसऱ्यावर धागा तुटला. कुठं जायचं विचारलं तर म्हणाला, कुठंही पाठव, रथोत्सवाला आणशील ना. 30 तारखेपर्यंत पाचगणीला पैसे भरायचेत. काय करू?"

ताई, नमस्कार. तुमचं पत्र तीनदा वाचलं. पोराची ती रथोत्सवाची ओळ वाचली आणि उठून पाणी पिऊन आले, कारण मी बावीस वर्षं वसतिगृहात रेक्टर होते आणि असा प्रश्न विचारणारी पोरं मी रोज रात्री झोपवलीयेत.

आधी एक गोष्ट सांगते, माझ्या घरातली. माझा स्वतःचा मुलगा अकरा वर्षांचा असताना आम्ही त्याला बाहेर एका फार मोठ्या नावाच्या शाळेत घातलं. शाळेचं नाव सांगत नाही, गरज नाही. तेव्हा मला वाटायचं की मी स्वतः रेक्टर, मला यातलं सगळं कळतं. ग्राउंड बघितलं, लायब्ररी बघितली, रिझल्ट बघितले, फॉर्म भरला. दर रविवारी फोन यायचा, "सगळं मस्त आहे आई," आणि मागे दुसऱ्या पोराचा आवाज, "चल ना, माझा नंबर आहे." दिवाळीच्या सुट्टीत त्याला घ्यायला स्टेशनवर गेले तर पोरगं फलाटावरून लंगडत येतंय. घरी आल्यावर बूट काढले, मोजा काढताना ओरडला. अंगठ्याचं नख काळंठिक्कर, कडेनं पिकलेलं. जूनमध्ये घेतलेले बूट, पाय वाढला होता, बूट तेवढाच. म्हटलं अरे कोणाला सांगितलं का नाहीस, तर तो मला शांतपणे म्हणाला, "कोणाला सांगू?" त्याच्या डॉर्ममध्ये साठच्या वर पोरं आणि एक हाऊसमास्टर, तोच माणूस दिवसा गणित शिकवायचा, संध्याकाळी क्रिकेट घ्यायचा. वाईट नव्हता हो तो. पण माझं पोरगं चार महिने त्याच्यासमोरून लंगडत गेलं आणि त्याला दिसलं नाही.

माझा मुलगा आज मोठा आहे, नोकरी करतो, बरं चाललंय त्याचं. पण तो बूट मी अजून विसरले नाही आणि तेव्हापासून कुणी मला विचारलं ना, की ताई ही शाळा कशी, ती शाळा कशी, तर मी एकच विचारते, तिथं पोराच्या पायाकडे बघणारं माणूस आहे का? शाळेचं नाव बाहेरच्यांसाठी असतं, पोरगं आत राहतं. आत त्याच्या वाट्याला येतो एक पलंग, एक कपाट, मेसमधली एक जागा आणि एक रेक्टर. साडेपाच लाखांत काय काय मिळतं याची यादी शाळा देईलच, पण तो एक माणूस कोण, हे त्यात नसतं. ते तुम्हालाच जाऊन बघावं लागतं.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. मी सोलापुरात एवढी वर्षं काढलीत, माग चालवणारी कितीतरी घरं जवळून बघितलीत, बाहेरचा मोठा व्यापारी आला आणि फटाफट इंग्लिशमध्ये रेट बोलायला लागला की मालाची सगळी जाण असलेला माणूस कसा गप्प होतो ते मला माहितीये. त्यांना वाटतं माझं पोरगं असं गप्प बसायला नको. यात चूक काय? आणि मोठ्या नावाच्या शाळेत काहीच नसतं असंही मी म्हणणार नाही, तिथं मैदानं असतात, पोहायला मिळतं, नाटक-संगीत असतं, चार राज्यांतली पोरं एकत्र राहतात, पुढं आयुष्यभर ओळखी कामाला येतात. हे सगळं खरं आहे. पण ते ज्याला पेलतं त्याच्यासाठी खरं आहे. तुमच्या दिरांचा मुलगा बोलका असेल, लहानपणापासून इंग्लिश मीडियममध्ये असेल, त्याला ते पाणी मानवलं. तुमच्या मुलाची घरची भाषा तेलुगू, शाळेची मराठी, इंग्लिश तिसरी. तिथं सहावीत पहिल्या दिवसापासून विज्ञान इंग्लिशमध्ये, भूगोल इंग्लिशमध्ये, जेवताना बोलणं इंग्लिशमध्ये, आणि भांडणसुद्धा इंग्लिशमध्ये. घाबरला की अडखळणाऱ्या पोराला हे एकदम अंगावर आलं तर तो काय करेल? इंटरव्ह्यूत जे केलं तेच करेल, मान खाली घालेल. काही पोरं वर्षभरात त्यातून बाहेर येतात, मी बघितलीयेत. काही पोरं त्या खाली घातलेल्या मानेनं दहावीपर्यंत जातात, तीपण बघितलीयेत.

मला त्या इंटरव्ह्यूचं एक खटकलं. एक शब्द बोलला नाही तरी सीट दिली. का दिली? लेखी परीक्षेत चांगलं केलं म्हणून दिली असेल तर छान. पण मग कोणीतरी असं म्हणायला हवं होतं ना की बाई, तुमचा मुलगा लाजतोय, त्याच्याशी थोडं मराठीत बोलू का. तसं कोणी केलं का? केलं असेल तर त्या माणसाचं नाव लिहून ठेवा, तो माणूस शाळेत कुठल्या कामावर आहे ते विचारा. केलं नसेल तर तेही लक्षात ठेवा.

आता "सरकारी शाळाच की" यावर बोलते, कारण यात मिस्टरांची माहिती कमी पडतीये. नवोदय विद्यालयं 1985-86 पासून सुरू झाली, राजीव गांधी पंतप्रधान असताना, खेड्यातल्या हुशार पोरांना पैशाअभावी चांगलं शिक्षण सुटू नये म्हणून. केंद्र सरकारची, सीबीएसई बोर्ड, सहावी ते बारावी, मुलं-मुली दोन्ही. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून महिना 600 रुपये विकास निधी घेतात, तोसुद्धा मुलींना, एससी-एसटीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. एका जिल्ह्याला सहावीच्या साधारण 80 जागा, आणि त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. म्हणजे शहरात राहणाऱ्या पोराला उरलेल्या थोड्या जागांमधून नंबर लावावा लागतो, आणि तुमच्या मुलानं तो लावलाय, मराठीतून पेपर देऊन. हे तुमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललंय का? नसेल तर आज जेवताना बोला, पोराच्या समोर बोला. पाचगणीची सीट मिळाल्याचे पेढे वाटले असतील तर याचेपण वाटा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, ही नीट ऐका. सहावीची नवोदयची परीक्षा पोराला आयुष्यात एकदाच देता येते. दिलेल्या तारखेपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर झाला नाहीत तर ती जागा वेटिंगवाल्याला जाते आणि मग परत नाही. नंतर नववीला परीक्षा असते, पण ती फक्त रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी, किती असतील काय भरवसा. पैसे देऊन मिळणारी शाळा पुढच्या वर्षीपण मिळते, सातवीतपण मिळते, आठवीतपण मिळते. म्हणून 30 तारखेची घाई तुमची नाहीये, त्यांची आहे. पैसे भरायच्या आधी एवढं लेखी मागा, की पोरगं दोन महिन्यांत परत आलं तर किती पैसे परत, डिपॉझिट कधी परत, आणि दरवर्षी फी किती टक्क्यांनी वाढते. तोंडी उत्तरावर जाऊ नका. साडेपाच लाख आज आहेत, पोरगं दहावीला जाईपर्यंत किती होतील याचा हिशोब करा, त्यात युनिफॉर्म, ट्रिपा, येण्याजाण्याचा खर्च धरा. दोन माग विकले तर पुढच्या वर्षीची फी कशातून भरणार? माग म्हणजे दरमहा येणारं उत्पन्न, ते विकून पहिल्या वर्षाची फी भरायची आणि उरलेल्या मागांवर पुढच्या चार वर्षांचं ओझं टाकायचं, हे गणित मला पटत नाही. आणि धाकटं भावंडंपण आहे ना? "मोठा मुलगा" लिहिलंय म्हणजे असणारच. त्याच्या वाट्याला काय?

पोराला हे सगळं कळतं बरं का. आईचं सोनं आपल्यासाठी गेलं, दोन माग आपल्यासाठी गेले, हे डोक्यावर घेऊन जो मुलगा होस्टेलला जातो ना, तो नंतर कधीच सांगत नाही की मला इथं त्रास होतोय. त्याला वाटतं आपल्याला तक्रार करायचा हक्कच नाही. माझ्याकडे अशी दोन पोरं होती, एकाला टायफॉइड झाला होता आणि तो तापात शाळेत जात होता, का तर बाबांनी कर्ज काढलंय.

आता छातीचं. पत्रात तुम्ही हे एका वाक्यात लिहिलंय, पण माझ्या दृष्टीनं हे पहिल्या नंबरावर यायला हवं. पाचगणीची हवा चांगली असं आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलोय, इंग्रजांनी उन्हाळ्यात राहायला म्हणून ते गाव वसवलं, शाळापण त्यातूनच उभ्या राहिल्या, पुढं टीबीच्या पेशंटना तिथं नेऊन ठेवायचे. ती कोरडी थंड हवा हिवाळ्या-उन्हाळ्यातली. तुम्ही इंटरव्ह्यूला गेलात तेव्हा आभाळ मोकळं असणार, पसरणीच्या घाटातून खाली वाई दिसली असणार, मन भरून आलं असणार. पण शाळा जूनला सुरू होते, आणि जून ते सप्टेंबर तिथं धुकं, पाऊस, ओल, भिंतींना बुरशी, कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, अंथरुणं दमट. सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढलेलं पोरगं, इथल्या चार सरींनीसुद्धा ज्याची छाती घरघरते, त्याचे पहिलेच चार महिने तिथं त्या ओलीत जाणार. तुमच्या छातीच्या डॉक्टरांना हे असंच्या असं विचारा, की डॉक्टर, याला पावसाळाभर पाचगणीला ठेवू का? ते नको म्हणाले तर बाकीची चर्चाच नको, मिस्टरांनापण सोबत न्या म्हणजे तुमचं ऐकून डॉक्टर बोलले असं व्हायला नको.

आणि शाळा कुठलीही असो, पाचगणी असो नाहीतर पोखरापूर, एक प्रश्न विचाराच. रात्री दोन वाजता याची छाती भरली तर पंप कोणाकडे असेल? हसू नका. बऱ्याच वसतिगृहात नियम असतो की औषधं पोरांजवळ ठेवायची नाहीत, सिक रूममध्ये जमा करायची, आणि सिक रूमला रात्री कुलूप. नियम चांगल्यासाठीच केलेला असतो, पोरांनी भलतंसलतं खाऊ नये म्हणून. पण दम्याच्या पोराचा पंप त्याच्या उशाखाली हवा आणि ते डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या चिठ्ठीवर लिहून घेऊन रेक्टरच्या हातात द्यायला हवं. हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस काय करतो ते बघा. "काळजी करू नका मॅडम, सगळी व्यवस्था आहे" म्हणाला तर परत विचारा. "थांबा, मी नर्सना बोलावतो" म्हणाला तर तो माणूस कामाचा.

शाळा बघायला जाल तेव्हा पालकांसाठी ठेवलेल्या दिवशी जाऊ नका, मधल्याच वारी जा, शक्यतो सकाळी लवकर. संडास-बाथरूम बघा, पोरं वापरून गेल्यावरचे. मेसमध्ये पोरांसोबत जेवा. आमच्या वेळी कोणी पालक जेवायला बसला की आम्हाला बरं वाटायचं, त्याला खरंच बघायचंय असं वाटायचं. रेक्टर किती वर्षं आहेत ते विचारा, दर वर्षाला रेक्टर बदलत असेल तर काहीतरी गडबड आहे. गेल्या वर्षी किती मुलं मध्येच सोडून गेली ते विचारा. डॉर्ममध्ये मोठी पोरं लहानांसोबत झोपतात का वेगळी, रात्री त्या मजल्यावर मोठं माणूस कोण झोपतं, ते कुठं झोपतं, ती खोली बघायला मागा. नवीन पोरांत एखादं अंथरूण ओलं करतंच पहिल्या महिन्यात, दहा-अकराव्या वर्षीपण करतं, घाबरलं की होतं, तर सकाळी ती चादर कोण बदलतं आणि बाकीच्यांना कळू न देता कसं बदलतं, हे विचारलं की रेक्टर कसा आहे ते दोन मिनिटांत कळतं. मारण्याबद्दलपण स्पष्ट विचारा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, पण मोठी पोरं लहानांना काय करतात ते कायद्याला दिसत नाही, ते रेक्टरला दिसायला हवं. आणि पोराकडून 1098 हा नंबर पाठ करून घ्या, मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, फुकट लागतो. तुमचा, मिस्टरांचा आणि हा, असे तीन नंबर पाठ हवेत.

शक्य झालं तर जाताना पोराला सोबत न्या आणि त्याला काही विचारू नका. नुसतं बघा तो कुठं थांबतो. मागाच्या आवाजावरून तुटलेला धागा ओळखणारं पोरगं आहे हो ते, एवढ्या खडखडाटात एक बारीक फरक त्याला कळतो, म्हणजे त्याचे कान आणि लक्ष केवढं! तो वर्कशॉपच्या दारात थांबला, नाहीतर पाण्याच्या मोटारीपाशी थांबला, नाहीतर कोणी तबला वाजवतंय तिथं थांबला, तर तिथल्या शिक्षकाशी बोला. तो शिक्षक त्याच्याशी बोलला का, वाट बघितली का त्याचं वाक्य पूरं व्हायची, हे बघा. अडखळणाऱ्या पोराचं वाक्य दुसऱ्यानं पूर्ण करून टाकलं ना, की ते पोरगं हळूहळू वाक्य सुरू करायचंच सोडून देतं. शाळा कुठलीही ठरो, या सुट्टीत त्याला एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवून आणा. लवकर नेलं तर बराच फरक पडतो.

पोखरापूरबद्दलपण सगळं गोडगोड सांगत नाही. तिथलं राहणं साधं असतं, सकाळी लवकर उठून पीटी, कपडे स्वतः धुवायचे, जेवण ठरलेलं, लाड नाहीत. सदनं असतात, म्हणजे पोरांचे गट, अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी, त्यांच्यात चढाओढ असते. अभ्यासाचा रेटा असतो, सगळी निवडून आलेली पोरं, तुमचा मुलगा इथं वर्गात पहिला येत असेल तर तिथं पंधरावा येऊ शकतो, त्याला हे आधीच सांगून ठेवा म्हणजे धक्का बसणार नाही. आणि नववीत साधारण 30 टक्के मुलांना एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, हे मिस्टरांना आत्ताच सांगा, नाहीतर नववीत रडारड होते. तिथंपण रेक्टर चांगला असेलच असं मी इथं बसून सांगू शकत नाही, तिथंपण हेच सगळे प्रश्न विचारायचेत. पण तिथं येणारी बहुतेक पोरं मराठी शाळेतली असतात, इंग्लिश सगळ्यांनाच नवीन, त्यामुळं तुमचं पोरगं एकटं पडत नाही. मोहोळ तालुका म्हणजे घराजवळच, आजारी पडला तर एसटीनं तास-दीड तासात तुम्ही त्याच्या उशाशी. पाचगणीला पोचायला अर्धा दिवस जातो, आणि तोही घाट मोकळा असेल तर.

भावाला सांगा की सैनिक स्कूलचा विचार आत्ता बाजूला ठेव. साताऱ्याची शाळा 1961 ची, देशातलं पहिलं सैनिक स्कूल, नाव मोठं आहे यात शंका नाही. पण नववीची प्रवेश परीक्षा इंग्लिशमध्येच असते, आणि लेखी निघाली तरी मेडिकल असतं, दम्याच्या पोराचं तिथं अडू शकतं. पोराला अजून माहितीपण नाही त्याला काय व्हायचंय, आणि पुढं त्यालाच सैन्यात जावंसं वाटलं तर बारावीनंतर एनडीएची परीक्षा कुठल्याही शाळेतल्या मुलाला देता येते.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. मी तुमच्या जागी असते तर पाचगणीचे पैसे भरले नसते. आधी डॉक्टर, मग पोखरापूरला एक फेरी, पोराला घेऊन, मिस्टरांना घेऊन. तिथला रेक्टर बरा वाटला, पंपाच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं, तर तिथं घालायचं. नाही बरा वाटला तर दोन्ही सोडून घरी ठेवायचं, हेही मनात असू द्या. सोलापुरात चांगल्या शाळा आहेत, घरी राहून शिकलेली पोरं वाया जात नाहीत. साडेपाच लाखांतले थोडेसे जरी इंग्लिश शिकवणाऱ्या चांगल्या बाईंवर दोन वर्षं खर्च केले, रोज तासभर, नुसतं बोलायला, तर हे पोरगं आठवीपर्यंत व्यापाऱ्याशी रेट बोलेल. मिस्टरांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा, कारण त्यांना हवंय ते हेच आहे, आणि ते या मार्गानंपण मिळतं.

दिर-जावा काय म्हणतील याचं ओझं तुमच्या एकटीवर येणार, ते मला माहितीये. पाचगणी सोडली म्हणजे पैसे नव्हते असं बोलतील. बोलू देत. तुम्ही "नवोदयला नंबर लागला" एवढंच सांगा, जास्त खुलासा करू नका.

पाठवायचं ठरलं तर जायच्या आधी त्याला आठ दिवस मावशीकडे नाहीतर आत्याकडे एकटं ठेवून बघा, तुम्ही फोन करायचा नाही, त्यानं केला तर बोलायचं. स्वतःचे मोजे धुता येतात का, ताप आल्यासारखं वाटलं तर मोठ्या माणसाला जाऊन सांगता येतं का, हे बघा. हे सांगता येणं शिकवावं लागतं, माझ्या मुलाला मी शिकवलं नव्हतं. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो, अर्धा नंबर मोठेच घ्या, आणि प्रत्येक भेटीत पहिलं काम काय तर बूट काढायला लावा. चादर इथलीच द्या, घरात वापरलेली, नवी नको, घराचा वास हवा तिला. पहिल्या आठवड्यात रडेल, त्याची एवढी काळजी नाही, सगळीच रडतात. दिवाळीची सुट्टी संपून परत जायचं असतं ना, ते खरं अवघड, तेव्हा दोन दिवस तुम्ही काम बाजूला ठेवा. आणि दिवाळीपर्यंत जेवण कमी झालं, वजन उतरलं, बोलणं एकदम बंद झालं तर ओढून ताणून वर्ष पूर्ण करायच्या मागे लागू नका, घेऊन या. आणलं म्हणजे पोरगं हरलं असं घरात कोणी बोलणार नाही, हे आत्ताच मिस्टरांकडून कबूल करून घ्या.

राहिला रथोत्सव. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा तुमच्या भागातलं एकपण पोरगं घरात थांबत नाही, लेझीम घेऊन पुढं असतात सगळी, तुमचापण असेल. त्यानं तुम्हाला शाळा नको असं म्हटलं नाही, पैशांचं म्हटलं नाही, एवढंच मागितलं. त्याला "हो हो, आणीन की" असं पटकन सांगून टाकू नका, कारण ती तारीख शाळेच्या कामाच्या दिवसांत येते आणि सुट्टी मिळेलच असं नाही. उद्या सकाळी पोखरापूरच्या ऑफिसला फोन करा, नारळी पौर्णिमेला घरी न्यायची परवानगी मिळते का, अर्ज किती दिवस आधी द्यायचा, पालकभेटीचा दिवस कुठला, हे विचारून कागदावर लिहून घ्या. मग तो मागावर असेल तेव्हा माग बंद करून त्याच्यासमोर बसा आणि जे उत्तर मिळालंय ते जसंच्या तसं त्याला सांगा. नाही म्हणाले असतील तर नाही सांगा. त्यावर तो काय म्हणतो ते मला लिहून कळवा, मी वाट बघते.